शेंगा न लागणारा वेल

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख मला अजून दिसतं. जाड, पिवळट, आणि टोकाशी कायम हिरवं. रोज सकाळी कडुलिंबाची काडी चावत ते परसात जायचे आणि वेलांचे शेंडे खुडायचे. गिलक्याचे, दोडक्याचे, वालाचे. शेंडा खुडला की वेलाला फांद्या फुटतात आणि फांद्या फुटल्या की तो भरभरून धरतो, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. कोरीट गावापासून नंदुरबारच्या बाजारापर्यंत आमच्या गिलक्यांचं नाव होतं. पण त्या ओळीतला शेवटचा, गोठ्याच्या भिंतीलगतचा वेल माझा होता. तो गिलक्याचा नव्हता, वालाचाही नव्हता. तो कशाचा होता हे मलाच पक्कं ठाऊक नव्हतं. ते कळायचं तर त्याला एकदा फूल यायला हवं होतं, आणि फूल यायचं ते शेंड्याला. शेंडा रोज सकाळी सासऱ्यांच्या नखात.

सहा वर्षं हे चाललं. आणि सगळं मी माझ्याच तोंडानं ओढवून घेतलेलं. म्हणून तर आज म्हातारपणीही आठवलं की डोकं तापतं.

माझे वडील रेल्वेत पार्सलचे कारकून होते. एका लहानशा स्टेशनावर आम्हाला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं आणि त्यापुढे तारेचं कुंपण. त्या कुंपणावर आईनं एक वेल चढवला होता. कुठून आणला, कोणी दिला, मी कधी विचारलं नाही. पौष लागला की तो वेल असा नारिंगी व्हायचा की पान दिसायचं नाही. बोटाएवढी लांब, नळीसारखी फुलं, टोकाच्या पाकळ्या मागे वळलेल्या, घोसच्या घोस. आई ती फुलं पाचही बोटांवर टोपरी घालावी तशी चढवायची आणि आमच्या नाकासमोर हात नाचवायची. मग आम्ही एकेक फूल ओढून काढायचो आणि देठाकडून चोखायचो. थेंबभर मध मिळायचा. आईला कामातून फुरसत अशी नव्हतीच. ती आमच्याशी खेळली, हे मला आठवतं ते तेवढंच.

माझं लग्न होऊन दुसरं वर्ष चालू असताना, ऐन ज्येष्ठात, आई गेली. मी तिच्या दिवसांना गेले आणि त्याच आठवड्यात वडिलांच्या बदलीचा कागद आला. क्वार्टरात दुसरं बिऱ्हाड येणार होतं, आणि कुंपण साफ करून द्या, साप निघतात, असा त्यांचा निरोप होता. वडिलांना कशाचंच भान नव्हतं. त्यांनी हो म्हणून टाकलं.

निघायच्या सकाळी मी विळा घेऊन कुंपणापाशी गेले. उन्हानं सगळी पानं करपलेली. आणि तेव्हा मला कळलं की कुंपणावर दोन वेल आहेत. एक आईचा, आणि एक कुठला तरी रानातला, आपणहून उगवलेला, ज्याला मी कधी फूल पाहिलं नव्हतं. दोघांची खोडं एकमेकांत अशी गुंतलेली की कुठली काडी कुणाची ते कळेना. बाळपण सगळं त्या वेलाजवळ काढलं आणि त्याचं खोड कसं, पान कसं हे मी एकदाही नीट बघितलं नव्हतं. फूल सोडून वेलाकडे बघतं कोण? हा माझा मूर्खपणा. त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. अंदाजानं चार काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि गाडीत मांडीवर घेऊन बसले. चारांतली एक जगली. ती आईची की रानाची, देव जाणे.

ती मी गोठ्याच्या भिंतीशी लावली आणि न्हाणीचं वाहून जाणारं पाणी तिच्याकडे वळवलं. पंधरा दिवसांत दोन पानं आली आणि सोळाव्या दिवशी सासऱ्यांची नजर तिच्यावर गेली.

इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तसं ते वेडेपणाचंच होतं. सून सासऱ्याशी बोलत नसे. नुसती कमी बोलत असे असं नाही, अजिबात बोलत नसे. सासऱ्यांना काही विचारायचं तर ते सासूबाईंना सांगत, सासूबाई मला विचारत, मी सासूबाईंच्या कानाशी उत्तर देई आणि सासूबाई ते मोठ्यानं सांगत. तिघं एका ओसरीवर, मध्ये चार हात अंतर, तरी हे असंच.

सासरे वेलासमोर उभे राहून म्हणाले, "वहूले ईचार, हाई काय लायेल शे?"

वहू म्हणजे मी, सून. काय लावलंय ते मला विचारायचं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढला.

"याले काय लागी?" सासऱ्यांनी पुढचं विचारलं. म्हणजे, याला काय येणार?

त्यांचा कायदा सगळ्या घराला पाठ होता. जे खाता येत नाही त्याला पाणी घालायचं नाही. मोटेचं पाणी बैलाच्या मानेतून येतं, असं ते म्हणायचे. सासूबाई नव्या नवरी असताना त्यांनी हौसेनं मोगरा लावला होता, तो सासऱ्यांनी मुळासकट उपटून बांधावर टाकला होता. हे सासूबाईंनीच मला एकदा भाकरी थापता थापता सांगितलं होतं आणि सांगताना भाकरी करपवली होती.

म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "शेंगा लागतीन."

"शेंगा लागतीन म्हनस," सासूबाईंनी मोठ्यानं सांगितलं.

"मंग ठीक शे," सासरे म्हणाले.

मला वाटलं, सुटले. कसली सुटते! दुसऱ्या दिवशी वेलाच्या बुडाशी दोन टोपल्या शेणखत पडलं. तिसऱ्या दिवशी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा मांडव उभा राहिला. मी न्हाणीच्या सांडपाण्यावर जगवायला निघाले होते, त्या वेलाला सासऱ्यांनी मोटेच्या पाण्याचा पाट काढून दिला. आणि वेल हातभर वाढला तशी त्यांनी कौतुकानं अंगठ्याच्या नखानं त्याचा शेंडा खुडला. परसातल्या बाकीच्या वेलांवर होती तेवढीच माया, वर थोडी जास्तच. एखाद्यानं दुष्टपणानं नासधूस केली तर त्याला शिव्या तरी देता येतात. प्रेमानं केली तर काय करायचं?

वेल माजला. खत-पाण्यावर तो असा फोफावला की गोठ्याची भिंत दिसेना. पण नुसती पानं. पहिल्या पौषात फूल नाही. म्हटलं, लहान आहे. दुसऱ्या पौषात नाही. तिसऱ्या पौषात मी रोज सकाळी उठून बघायचे आणि रोज सकाळी माझ्याआधी सासरे तिथे हजर असायचे. "वहूले सांग," ते सासूबाईंना म्हणायचे, "शेंडा खुडाबिगर येलले शेंगा लागतस नहीं. औंदा लागतीन." मी पदराआड दात-ओठ खायचे.

आणि मला हेही कळेना की फूल येत नाही ते खुडण्यामुळे, की मुळात मी रानातली काडी उचलून आणली म्हणून. आई गेली, कुंपण गेलं, वडील बदलीच्या गावी जाऊन दोन वर्षांत तेही गेले. आईची म्हणून जगात उरलेली वस्तू होती तर ही होती, आणि ती आईची आहे की नाही हेच माहीत नाही. रानवेलाला मी आई समजून पाणी घालत असेन, हा विचार आला की मला स्वतःचीच चीड यायची.

माझे यजमान धडगावच्या कचेरीत कारकून होते. घाटातून चालत-घोड्यावर महिना-दीड महिन्यानं घरी येत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "एका वेलासाठी मी बाबांना काय सांगू? सून खोटं बोलली म्हणून सांगू?" आणि जेवायला बसले. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. "आते काय सांगस तू माले? मी त्यासले सांगी दिन्हं ना, शेंगा लागतीन. आते माले खोटं पाडशी का?" झालं. माझ्या खोट्यात आता त्याही अडकल्या होत्या.

मग लोक. बिनफुलाचा वेल म्हणजे गावाला मोकळं रान. शेजारणीनं त्याला गुळवेल ठरवून एक फांदी तोडून नेली, काढा केला आणि नवऱ्याला पाजला. त्याचा ताप आपल्या पायानं उतरायचा तो उतरला, तर दुसऱ्या दिवशी आणखी चौघीजणी गुळवेल मागायला दारात. मी सांगत होते, बायांनो, हा गुळवेल नाही. मग कशाचा? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्या उत्तर मिळेपर्यंत फांद्या तोडत राहिल्या.

शाळेचे मास्तर त्यातल्या त्यात शिकलेले. त्यांच्याकडे झाडाझुडपांचं एक चित्रांचं पुस्तक होतं. सासूबाईंना पुढे घालून मी त्यांना बोलावलं. त्यांनी पान उलटं करून पाहिलं, आधार धरायला वेलाला दोऱ्यासारखा तणावा सुटतो तो बोटावर गुंडाळून पाहिला, त्याला टोकाशी तीन फाटे आहेत हे मला दाखवलं, पुस्तक चाळलं आणि चष्मा काढून म्हणाले, "फुलाशिवाय खात्रीनं काही सांगता येणार नाही. फूल आलं की मला कळवा." मला त्यांच्या चष्म्यावर पाणी ओतावंसं वाटलं. फूल आलं असतं तर मी तुम्हाला कशाला बोलावलं असतं, मास्तर?

पाचव्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, नंदुरबारचा कल्हईवाला आला. हे मुसलमान घराणं पिढ्यान्‌पिढ्या आमच्या गावाची भांडी करायचं. त्यानं परसात भट्टी मांडली, भाता चालवला, आणि भांड्यात नवसागर टाकता टाकता मान वर करून म्हणाला, "बहीण, हाऊ येल तुमनाकडे कोठेन उना?"

वेल आमच्याकडे कुठून आला, असं तो विचारत होता. मी हातातली पातेली तशीच धरून उभी राहिले. नंदुरबारला एका साहेबाच्या बंगल्याला सगळीकडे हाच वेल आहे, तो सांगू लागला. तिथे तो भांडी करायला जातो. "पोषमा नारिंगी फूल येतस, शेंडा-शेंडाले. तठला माळी दसरा गया का कोनले शेंडाले हात लावू देस नहीं. खुडा का गया."

पौष. नारिंगी. शेंड्याला. मी पातेली खाली ठेवली. पण खात्री कशी धरायची? हाच माणूस मागल्या वर्षी आमच्या तांब्याला आतून सोन्याचं पाणी आहे म्हणून सांगून गेला होता. तरी एवढं नक्की झालं की वेल आईचा असला तर त्याचं फूल पाच वर्षं रोज सकाळी खुडलं जात होतं, आणि खुडायला मी लावलं होतं.

मग मी उपाय सुरू केले. शेंड्यांना शेण फासलं, की घाणीत हात घालणार नाहीत. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले की वहूला शेतीची जाण येत चालली, आणि शेणासकट शेंडे खुडले. बोरीच्या काट्या लावल्या. त्यांना वाटलं, शेळ्यांसाठी लावल्यात. त्यांनी त्या नीट बाजूला केल्या, शेंडे खुडले आणि काट्या होत्या तशा परत लावून ठेवल्या. असा नीटनेटका माणूस! मी एका शेंड्याला काळा दोरा बांधून सासूबाईंकरवी सांगवलं की दृष्ट लागू नये म्हणून बांधलाय, हात लावायचा नाही. त्यांनी तेवढा एक शेंडा सोडला. तो बोकडानं खाल्ला. पाचवा पौषही कोरडा गेला. मी हात टेकले.

सहाव्या वर्षी पावसाळा सरता सरता मला एक सुचलं. गोठ्याला वर धाबं होतं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, आमच्या सगळ्या घरांना असतं तसं. मी वेलाची एक लांब फांदी हळूच मागच्या बाजूनं वर नेली आणि धाब्याच्या कडेला, जुन्या फुटक्या रांजणाआड सोडून दिली. खालून ती दिसत नव्हती. सासऱ्यांचे गुडघे दुखायचे, शिडी चढणं त्यांनी सोडलंच होतं. धाब्यावर लाल मिरच्या वाळत घालणं, परतणं, हे माझं काम. मिरच्या परतायच्या निमित्तानं मी रोज वर जायचे आणि रांजणाआड डोकावायचे.

मार्गशीर्ष संपताना त्या शेंड्याला कळ्यांचा घोस धरला. हिरवट, बारीक, बोटाच्या पेराएवढ्या. आईच्या वेलाला कळ्या अशाच होत्या का? आठवेना. कळ्यांकडेही मी कधी पाहिलं नव्हतं! मी दिवस मोजत बसले. कळ्या लांब होत गेल्या, टोकाशी पिवळसर झाल्या. संक्रांत जवळ आली.

आणि नेमक्या त्या दिवसांत मिरचीचा व्यापारी माल बघायला येणार म्हणून सासरे, गुडघ्यांना तेल चोळून, शिडी चढून वर आले.

मी मिरच्यांत बसले होते. पदर पुढे ओढला आणि देवाचा धावा करत राहिले. त्यांनी मिरच्या हातात घेऊन पाहिल्या, वास घेतला, कडेनं फिरले आणि रांजणापाशी थांबले. वाकले. मग मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात ते ओरडले. पोराटोरांसारखा आनंद होता त्या आवाजात.

"अगं, वहूले सांग! शेंगा उन्यात!"

मी त्यांच्यापासून तीन हातांवर बसलेली. सासूबाई खाली शिडीपाशी. तरी ते सासूबाईंनाच ओरडून सांगत होते की सुनेला सांग, शेंगा आल्या. सहा वर्षांच्या कष्टाला फळ आलं होतं बिचाऱ्यांच्या. आणि शेंगा धरल्या की पुढचा शेंडा मोडायचा, म्हणजे शेंगा भरतात, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. एक घोस तोडून खाली बायकोला दाखवायचा होता. त्यांनी डाव्या हातानं फांदी धरली आणि उजव्या हाताचं ते नख पुढे केलं.

मी उठून उभी राहिले. पदर कुठे गेला मला माहीत नाही.

"हात नका लावू!" मी ओरडले. "शेंगा नहीत त्या, कळ्या शेतस! मन्ही मायना येल शे हाऊ!"

सात वर्षांत त्यांच्याशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य. पहिलंच, आणि ते असं, उघड्या डोक्यानं, धाब्यावरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

त्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फांदीकडे पाहत होते. मग त्यांनी ती सोडली आणि एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत शिडी उतरून गेले.

खाली सासूबाईंनी मला एवढंच विचारलं, "काय करं तू हाई?" आणि नंतर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सासरे त्या दिवसापासून परसात यायचे बंद झाले. गिलक्यांचे शेंडे वाढत सुटले. मला लाज वाटत होती, मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि तरी आतून राग जात नव्हता. सहा वर्षं, म्हटलं, सहा वर्षं मी एक वाक्य बोलायला घाबरले. हेच वाक्य पहिल्या दिवशी बोलले असते तर फार तर वेल उपटला गेला असता.

चौथ्या दिवशी मी मिरच्या परतायला वर गेले, तर फुलं उमलली होती.

नारिंगी. नळीसारखी. पाकळ्या मागे वळलेल्या. मी एक तोडलं आणि करंगळीवर चढवलं. ते दुसऱ्या पेरापर्यंत बरोबर बसलं. मग दुसऱ्या बोटावर, तिसऱ्या, चौथ्या. अंगठ्याला थोडं घट्ट झालं, आईच्याही अंगठ्याला ते घट्टच व्हायचं. करंगळीवरचं काढून मी देठाकडून चोखलं. थेंबभर मध आला. मी मिरच्यांत बसून रडले. मिरच्यांत रडलेलं बरं असतं, डोळे लाल का म्हणून कुणी विचारत नाही.

खाली आले तेव्हा हातातली फुलं काढायची राहून गेली होती. सासरे ओसरीवर बसलेले. त्यांनी माझा हात पाहिला असावा. मग सासूबाईंना म्हणाले, "वहूले ईचार, याहीणबाईले जाईसन कितला वरीस व्हयनात?"

याहीणबाई म्हणजे विहीणबाई. माझी आई. तिला जाऊन किती वर्षं झाली, असं ते विचारत होते. या घरात आल्यापासून माझ्या आईचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

"सहा," मी सासूबाईंच्या कानाशी म्हणाले. आणि मग बोलूनच टाकलं, "शेंगा लागतस नहीं याले. मी खोटं सांगं व्हतं."

सासूबाई हे मोठ्यानं सांगायला कचरल्या. सासऱ्यांना ते ऐकू गेलंच होतं. त्यांनी आपला अंगठा वर करून त्या हिरव्या नखाकडे पाहिलं. "मंग सहा वरीस," ते सावकाश म्हणाले, "मी काय खुडत बसनू?" त्यांनी कोपऱ्यातली वहाण पायांत सरकवली आणि शेताकडे निघून गेले.

मला वाटलं, संध्याकाळी कुऱ्हाड घेऊन येतील. ते रिकाम्या हातानंच आले.

पुढच्या वर्षी त्यांनी त्या वेलाच्या एकाही शेंड्याला हात लावला नाही, आणि पौषात गोठा नखशिखान्त नारिंगी झाला. बाजारच्या वाटेनं जाणारे लोक थांबून बघायचे. मास्तर पुस्तक घेऊन धावत आले, या वेळी चष्मा पुसत, आणि चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "सापडला! हा आपल्याकडचा नव्हे, समुद्रापलीकडून आलेला आहे. पुण्याकडे याला संक्रांतवेल म्हणतात." मी ते नाव मनात दोन-तीनदा घोळवलं. चांगलं नाव होतं. पण तेवढ्यात रस्त्यावरच्या एका माणसानं सासऱ्यांना विचारलं की दादा, हा कशाचा वेल, आणि सासरे, मास्तरांच्या पुस्तकाकडे ढुंकूनही न बघता, म्हणाले, "हाऊ आमनी याहीणबाईना येल शे." गावात मग तेच नाव चाललं. मास्तरांनी शाळेत मुलांना दुसरं शिकवून पाहिलं, ते टिकलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर माझ्या डोक्याचा ताप तरी संपला असता. पण आता नवंच सुरू झालं. आमच्याकडे विहिणीचा मान मोठा. व्याही तिच्यासमोर आवाज चढवत नाही, तिच्या अंगावरून जात नाही, हात लावण्याचं तर नावच नको. सासऱ्यांनी वेलाला याहीणबाई म्हटलं आणि ते शब्दाला असे जागले की वेलाची एक काडी तोडायची बंदी झाली. जो माणूस नको असताना सहा वर्षं खुडत होता, तो आता हवं असताना कापू देईना! वेल धाब्यावर पसरला, मिरच्यांना जागा उरेना. गोठ्याच्या दारावर उतरला, बैल मान खाली घालून आत जायला लागले. त्याच्या भारानं पन्हळ निखळलं. शेजारीण अजून गुळवेल म्हणून फांदी न्यायला यायची, तिला सासऱ्यांनी परसाच्या दारातूनच परत पाठवलं. मी सासूबाईंकरवी सांगवून थकले की फुलं झडून गेल्यावर या वेलाला कापलंच पाहिजे, नव्या फुटीला फूल येतं, साहेबाचा माळीसुद्धा कापतो असं कल्हईवाला सांगतो. "आपला हात नहीं लावाव," एवढं एकच उत्तर.

दोन वर्षं ऐकलं. तिसऱ्या वर्षी फाल्गुनात पाण्यावरून येताना एक बैल दारातल्या फांद्यांत शिंगं अडकवून उभा राहिला आणि त्याला सोडवता सोडवता माझ्या नाकी नऊ आले. त्याच दुपारी मी विळा घेतला, पदर कमरेला खोचला आणि सासऱ्यांच्या देखत गोठ्याच्या दारापाशी शिडी लावली. म्हटलं, माझ्या आईचा वेल आहे, तुम्हाला हात लावायचा नसेल तर नका लावू, मी लावते. हे अर्थात मनात म्हटलं.

ते उठून आले. मला वाटलं, अडवणार. त्यांनी शिडीचे दोन्ही पाय धरले, कारण तिचा एक पाय आखूड होता आणि ती हलायची. तोंड मात्र वेलाकडे नव्हतं, भिंतीकडे फिरवलेलं. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. मी पहिली फांदी मुठीत धरली आणि विळा लावला. तेवढ्यात खालून, भिंतीकडेच बघत, त्यांचा आवाज आला.

"वहूले सांग, धीरे काप म्हना. याहीणबाई शे ती."

सासूबाईंनी हा निरोप मला दिला नाही. त्या तोंडाला पदर लावून बसून राहिल्या. मला ऐकू आलं होतं. मी विळा सैल केला आणि हळू कापायला लागले.